वीतभर खळे

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या सभेत बोलायचे म्हटले की विषय बहुधा ठरलेले असतात. स्त्रियांचे आरोग्य, मुलांचा अभ्यास, घरखर्चातील काटकसर. हे सारे विषय चांगलेच आहेत आणि त्यांवर अधिकाराने बोलणाऱ्या भगिनी आपल्या मंडळात आहेत. म्हणून चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, मला या खेपेला आकाशावर बोलू द्या. त्यांना वाटले, मी पत्रिकेतल्या ग्रहांवर बोलणार! तसे काही नाही. सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती कधी कधी जे मोठे वर्तुळ दिसते, ज्याला आपण 'खळे पडले' असे म्हणतो, ते खळे आणि त्याच्या गोतावळ्यातल्या रंगीत कमानी कशा ओळखाव्यात, एवढाच माझा आजचा विषय आहे.

आता कोणी विचारील, की या विषयाचा आणि आपल्या संसाराचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो मी एका घडलेल्या गोष्टीवरून सांगते.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका दुपारी आमच्या वसाहतीवर सूर्याभोवती मोठे, रेखीव खळे पडले होते. पाच मिनिटांत फोनवरून निरोप फिरू लागले, की कुठल्याशा कारखान्यातून वायू सुटला आहे आणि त्याचाच हा गोल आहे. कोणी खिडक्या लावून घेतल्या, कोणी मुलांना शिकवणीवरून परत आणायला धावले. आमच्या शेजारच्या घरात सून सात महिन्यांची गरोदर होती. तिला आतल्या खोलीत बसवून, पडदे ओढून, 'खळे जाईपर्यंत पाणीसुद्धा पिऊ नकोस' असे बजावण्यात आले. मे महिन्यातली दुपार, आणि दोन तास पाण्याचा थेंब नाही! घरच्यांच्या मायेत काही उणे नव्हते. त्यांना भीती वाटली आणि भीतीने जे सुचवले ते त्यांनी केले.

ही मुलगी चाकणच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दिवसभर सुटे भाग हाती घेऊन मापात आहेत की नाहीत हे पाहणे, हेच तिचे काम. संध्याकाळी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काकू, ते खळे मोजता येते का हो?" मला तिचा प्रश्न फार आवडला. ते खळे शुभ की अशुभ, असे तिने विचारले नाही. मोजता येते का, असे विचारले. माझे आजचे सारे भाषण म्हणजे तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

उत्तर असे, की मोजता येते, आणि त्याला लागणारे माप देवाने प्रत्येकीच्या हाताला लावून दिले आहे. ते माप म्हणजे वीत.

हात पुरता लांब करा, बोटे ताणून पसरा. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जी वीत होते, ती आकाशाचा सुमारे वीस ते बावीस अंशांचा भाग झाकते. ज्याचा हात लांब त्याची वीतही मोठी, आणि ज्याचा हात आखूड त्याची वीतही लहान. त्यामुळे आजोबांच्या हाताने मोजा की नातीच्या, उत्तर जवळजवळ तेच येते. आता अंगठ्याने सूर्य झाकून करंगळी आकाशात फिरवा. करंगळीचे टोक जर बरोबर त्या वर्तुळावर टेकले, तर ते खरे खळे. सूर्य मध्यभागी आणि चहूबाजूंना वीतभर अंतरावर रेघ. शास्त्रज्ञ त्याला बावीस अंशांचे खळे म्हणतात. आपण वीतभर खळे म्हटले तरी चालेल.

खळे हा शब्दही किती नेमका आहे पाहा. आपल्यापैकी ज्या खेड, मावळ, जुन्नर भागातल्या असतील त्यांना मूळ खळे ठाऊक असेल. धान्य मळण्यासाठी जमीन गोल चोपून, शेणाने सारवून, लख्ख करायची, मध्ये तिवडा रोवायचा आणि त्याच्याभोवती बैल फिरवायचे, ते खळे. आकाशातही तसेच असते. सूर्य हा तिवडा, आणि त्याच्याभोवतीची गोल जागा झाडून काढल्यासारखी. पुढच्या वेळी नीट पाहा, वर्तुळाच्या आतले आकाश बाहेरच्या आकाशापेक्षा थोडे काळसर, रिकामे दिसते. ज्या कोणी शेतकऱ्याने वा शेतकरणीने हे नाव पहिल्यांदा दिले, त्याची नजर चांगली असली पाहिजे. भोसरीपासून चाकणपर्यंत कितीतरी खळ्यांच्या जागी आता कारखान्यांच्या शेड उभ्या आहेत, मळणीही यंत्राने होते. पण आकाशातले खळे जिथल्या तिथे आहे.

हे होते कसे? ऐकून आश्चर्य वाटेल, पण ते होते बर्फामुळे. आपण मे महिन्यात खाली घामाघूम होत असतो, तेव्हाही आपल्या डोक्यावर साधारण पाच किलोमीटरच्या वर गेले की हवा गोठणबिंदूच्या खाली असते. त्याहूनही उंच, आठ-दहा किलोमीटरवर आणि त्यापुढे, मलमलीच्या पदरासारखे पातळ ढग पसरतात. त्यांतून सूर्य स्वच्छ दिसतो, सावलीही पडते, आणि बहुतेकांना ढग आहे हे कळतही नाही. हे सिरस जातीचे ढग पाण्याच्या थेंबांचे नसून बर्फाच्या बारीक स्फटिकांचे असतात.

बर्फाचा स्फटिक षट्कोनी असतो. आपल्या भागात हे समजावून सांगणे सोपे आहे, कारण षट्कोन आपल्या घराघरांत पगार घेऊन येतो. नट-बोल्टमधला नट डोळ्यांसमोर आणा, त्याचे भोक बुजवा. तो झाला चपटा स्फटिक. मुलांची सहा कडांची पेन्सिल डोळ्यांसमोर आणा. तो झाला लांबट स्फटिक. आकाशात या दोन्ही जातींचे असंख्य स्फटिक तरंगत असतात. सूर्याचा किरण स्फटिकाच्या एका बाजूने शिरतो आणि एक बाजू सोडून पलीकडच्या बाजूने बाहेर पडतो. या दोन बाजूंमध्ये साठ अंशांचा कोन असतो, आणि त्या वाटेने जाणारा किरण कमीत कमी बावीस अंशांनी वळतो. जास्त वळू शकतो, पण कमी नाही. म्हणून वीतभर अंतराच्या आत या वाटेने प्रकाश येतच नाही आणि ती जागा काळसर राहते. नेमक्या वीतभर अंतरावर मात्र किरणांची गर्दी होते आणि तिथे तेजस्वी कडे दिसते. लाल रंग सगळ्यांत कमी वळतो, म्हणून खळ्याची आतली कड लालसर. बाहेरच्या अंगाला रंग एकमेकांत मिसळून पांढुरके होत जातात. रात्री चंद्राचे खळे पडते तेही असेच. फक्त चांदणे मंद असल्यामुळे डोळ्याला रंग फारसे कळत नाहीत.

एवढे समजले की एक गोष्ट आपोआप उलगडते. खळ्यातून येणारा प्रकाश हा रोजचाच सूर्यप्रकाश आहे, केवळ वाट वाकडी करून आलेला. त्यात नवे काही मिसळत नाही. ज्या उन्हात आपण वाळवणे घालतो, तेच हे ऊन. गरोदर बाईला त्यापासून अपाय होईल असे त्यात काहीच नाही. अपाय झाला तर तो बंद खोलीचा आणि तहानेचा होईल.

आता खळ्याचा गोतावळा पाहू. स्फटिक जर आकाशात कसेही, वेडेवाकडे तरंगत असतील तर पूर्ण गोल खळे होते. परंतु कधी कधी हवा शांत असते आणि ते शिस्तीने पडतात. झाडाचे पान जसे आडवे तरंगत खाली येते, तसे चपटे स्फटिक आडवे तरंगतात. मग वर्तुळाच्या जागी त्याचे निवडक तुकडे उजळतात.

पहिला तुकडा प्रतिसूर्य. सकाळी किंवा सायंकाळी सूर्य खाली असताना त्याच्या डाव्या आणि उजव्या हाताला, सूर्याच्याच उंचीवर, बरोबर वीतभर अंतरावर एकेक झगझगीत डाग दिसतो. सूर्याकडची बाजू लाल, पलीकडे पिवळा, मग पांढरे शेपूट. कधी दोन्ही दिसतात, कधी एकच. हा आपला जुना शब्द आहे. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिता' लिहिली, तीत खळ्याला 'परिवेष' म्हटले आहे, आणि परिवेष, इंद्रायुध म्हणजे इंद्रधनुष्य, व प्रतिसूर्य यांवर निरनिराळे अध्याय आहेत. त्यांतली शुभाशुभ फळे आज आपण बाजूला ठेवू. परंतु या तीन गोष्टी एक नव्हेत, त्यांना तीन नावे हवीत, हे चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी आपल्याकडे पक्के ठाऊक होते, याचा अभिमान जरूर बाळगू.

दुसरा तुकडा डोक्यावरची उलटी कमान. सूर्योदयानंतरचे साधारण दोन तास आणि सूर्यास्तापूर्वीचे तेवढेच, म्हणजे सूर्य बत्तीस अंशांपेक्षा खाली असताना, सूर्यापासून वर दोन विती मोजा. तिथे, जवळजवळ डोक्यावर, एक छोटी कमान कधी कधी दिसते. इंद्रधनुष्य उलटे टांगावे तशी, दोन्ही टोके वर गेलेली. तिचे रंग खळ्यापेक्षा कितीतरी शुद्ध असतात, तांबडा सूर्याच्या बाजूला आणि जांभळा वर. ही पुष्कळ वेळा येते, पण मान मागे टाकून आकाशाच्या माथ्याकडे पाहतो कोण? गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईलाच काय तो हा योग!

तिसरा तुकडा म्हणजे आडवा पट्टा, आणि हा खास आपल्यासारख्यांच्या वाट्याचा आहे. सूर्य अठ्ठावन्न अंशांपेक्षा वर चढला म्हणजे त्याच्या खाली दोन विती अंतरावर, क्षितिजाला समांतर असा लांबच लांब रंगीत पट्टा उमटू शकतो. वरची कड तांबडी, खाली हिरवा, निळा. सूर्य इतका वर चढायला हवा म्हणून युरोपच्या उत्तरेकडच्या देशांत तो कधीच दिसत नाही. आपण साडेअठरा अक्षांशांच्या आसपास राहतो. आपल्याकडे फेब्रुवारीच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत दुपारी सूर्य तेवढा वर असतो, आणि मेच्या मध्यास तर तो ऐन माथ्यावर येतो, आपली सावली पायाखाली नाहीशी होते. मधले पावसाळी महिने वगळले तरी चार-पाच महिने आपल्या हाती राहतात. दुपारी बाराच्या सुमारास आकाशात पातळ ढग असतील तर सूर्याकडे पाठ न करता खाली, क्षितिजापासून वीत-दीड वीत उंचीवर नजर टाकावी. मात्र ढगाचा तुकडा त्या नेमक्या जागी हवा. म्हणून पुष्कळदा पट्ट्याचा एखादाच भाग दिसतो आणि लोक म्हणतात, ढग पेटला!

याच दुपारच्या वेळी खळ्याला बाहेरून चिकटलेले एक लंबगोल कडेही कधी दिसते, बाजूंनी फुगलेले. ते आडव्या पडलेल्या पेन्सिलींचे, म्हणजे लांबट स्फटिकांचे काम. सूर्य जसजसा माथ्यावर येतो तसतसे ते खळ्यात मिसळून जाते, आणि दोन्हींचे तेज एकत्र झाल्याने ऐन उन्हाळ्यातले दुपारचे खळे विशेष ठसठशीत दिसू शकते.

आता जे खळ्यासारखे दिसते पण खळे नाही, त्याकडे वळू. तांदूळ निवडताना जसे खडे वेगळे काढतो, तसे हे वेगळे काढायला शिकावे लागते.

कोजागरीच्या सुमारास चंद्रावरून पातळ ढग जाऊ लागले की चंद्राला अगदी चिकटून एक लहानसे वलय दिसते. आत निळसर पांढरे आणि कडेला तांबूस. याला तेजोवलय म्हणू. हे बहुधा पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होते. खळ्याशी त्याची गल्लत दोन खुणांनी टळते. ते वितीच्या मापाने कितीतरी लहान, एखाद-दोन बोटांचे असते. आणि त्याचा तांबूस रंग बाहेरच्या कडेला असतो, खळ्याचा आतल्या. आपली जुनी माणसे म्हणत, की वलय जवळ असेल तर पाऊस लांब आणि लांब असेल तर पाऊस जवळ. मला वाटते, या म्हणण्यामागे हीच पारख असावी. जवळचे ते तेजोवलय आणि लांबचे ते खळे. मोठ्या वादळी ढगांच्या पुढे कधी कधी बर्फाचे उंच ढग आधी येऊन पोचतात, हे खरे आहे. पण दर खळ्यामागून पाऊस येतोच असे नाही. तेव्हा ती म्हण ऐकावी, आणि पापड घालायचे की नाही हे वेधशाळेचा अंदाज पाहून ठरवावे!

दुसरे, सूर्याजवळच्या ढगांच्या कडांवर मोरपिशी, गुलाबी, हिरव्या छटा पसरतात, ओल्या रस्त्यावर तेल सांडल्यावर दिसतात तशा. त्यांना ठरावीक आकार नसतो, ठरावीक अंतरही नसते. तेही थेंबांचेच काम.

तिसरे म्हणजे इंद्रधनुष्य. त्याची खूण सगळ्यांत सोपी. इंद्रधनुष्य पाहताना सूर्य पाठीशी असतो आणि खळे पाहताना समोर. इंद्रधनुष्य पावसाच्या थेंबांत होते, तांबडा रंग बाहेर असतो, आणि सूर्य बेचाळीस अंशांपेक्षा वर असेल तर जमिनीवरून ते दिसतच नाही. म्हणून भर दुपारी सूर्याभोवती इंद्रधनुष्य पडले, असे कोणी सांगितले तर समजावे, की ते खळे होते.

आणि चौथे, ज्याने महाराष्ट्राचे नाव झाले, ते इंद्रवज्र. चाकणवरून नारायणगावच्या रस्त्याने पुढे जुन्नरच्या बाजूला गेले, की हरिश्चंद्रगडाची वाट लागते. गडाच्या कोकणकड्यावर पावसाळ्याच्या दिवसांत सकाळी उभे राहावे, मागे सूर्य असावा आणि समोर दरीत धुके भरलेले असावे, तर धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत वर्तुळ उमटते. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या हवामानावर लिहिलेला लेख १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला, त्यात या गडावरच्या वर्तुळाचे वर्णन आहे. गंमत अशी, की शेजारी दोघी उभ्या असल्या तर प्रत्येकीला वर्तुळ आपल्याच डोक्याभोवती दिसते, मैत्रिणीच्या नाही! विमानातून प्रवास करणाऱ्या भगिनींना ढगावर पडलेल्या विमानाच्या सावलीभोवतीही ते दिसेल. इंद्रवज्र थेंबांचे, सूर्याच्या विरुद्ध दिशेचे. तेव्हा तेही खळ्याच्या कुळातले नाही.

भगिनींनो, खळे पाहून घाबरणारे आपणच आहोत असे मात्र समजू नका. २० एप्रिल १५३५ रोजी स्वीडनच्या राजधानीवर, स्टॉकहोमवर, अनेक वर्तुळे आणि प्रतिसूर्य दिसले. शहरभर खळबळ उडाली, राजावर दैवी कोप होणार अशी कुजबुज सुरू झाली, आणि एका धर्मोपदेशकाने त्या आकाशाचे चित्र काढवून घेतले. मूळ चित्र गेले, पण १६३६ साली केलेली त्याची नक्कल तिथल्या मोठ्या चर्चमध्ये आजही टांगलेली आहे. त्यानंतर १६२९ साली रोमजवळ दिसलेल्या प्रतिसूर्यांची हकीकत देकार्त या तत्त्वज्ञापर्यंत पोचली, आणि तिचा उलगडा करता करता त्याने हवामानावरचा ग्रंथ लिहिला, तो १६३७ साली निघाला. त्याच शतकात मारियोत या फ्रेंच शास्त्रज्ञाने बर्फाच्या स्फटिकांच्या साठ अंशांच्या कोनाने खळ्याचा उलगडा करून दाखवला. एकच आकाश, कोणाला त्यात कोप दिसला, कोणाला प्रश्न दिसला.

आपल्याकडचे ताजे उदाहरण २४ मे २०२१ चे. बंगळूरवर भर दिवसा मोठे खळे पडले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, २ जूनला, हैदराबादवर. करोनाच्या दुसऱ्या लाटेचे ते दिवस, माणसे घरात कोंडलेली, मने धास्तावलेली. तरीही हजारो लोकांनी गच्चीवर जाऊन फोटो काढले, शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रांतून खुलासे केले, आणि त्या काळजीच्या दिवसांत घटकाभर लोकांनी मान वर केली. मला हे फार मोलाचे वाटते.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हा विषय निवडला त्याकडे येते. आपण कारखान्यांच्या गावात राहतो. पिंपरीत १९५४ साली पेनिसिलिनच्या कारखान्याची स्थापना झाली, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ आले, आणि पाहता पाहता भोसरी, चिंचवड, आकुर्डी, तळेगाव, चाकण हा सारा पट्टा यंत्रांच्या आवाजाने भरून गेला. या कारखान्यांनी आपल्या चुली पेटवल्या. पण १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळला जे झाले, ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांच्या मनातून वायूची भीती कधी जाणार नाही, आणि ती जाऊही नये. म्हणून त्या दुपारी घाबरलेल्या बायकांना मी हसले नाही आणि तुम्हीही हसू नका. पण भीतीला डोळे हवेत. खळ्याला वायू समजून आपण चार वेळा धावलो, तर पाचव्या वेळी खरेच काही झाले असता कोणी धावणार नाही. उलट, रोजच्या धुरालाही कोणी 'आकाशच आज असे आहे' म्हणून झाकू पाहील, तर तेही आपल्याला पटता कामा नये. आकाशाचे माप आकाशाला आणि धुराचे माप धुराला लावता आले पाहिजे.

फरक कठीण नाही. खळे वाऱ्याने सरकत नाही. ते सूर्याबरोबर चालते, आणि सगळीकडून वीतभरच राहते. चिंचवडला, चाकणला आणि पुण्याला एकाच वेळी ते सूर्याभोवतीच दिसू शकते. त्याला वास नाही, त्याने घसा खवखवत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. धूर खाली असतो, वाऱ्याबरोबर पसरतो, तपकिरी करडा दिसतो आणि दूरच्या इमारती पुसून टाकतो. ज्या दिवशी वास येईल, डोळ्यांची आग होईल, खोकला लागेल, त्या दिवशी वर गोल आहे की नाही हे पाहत बसू नये. मुलांना घेऊन त्या वासापासून दूर व्हावे आणि अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर कळवावे.

आणखी एक सूचना, आणि ही कृपा करून घरी जाऊन सर्वांना सांगा. खळे पाहताना सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. सूर्य अंगठ्याआड, पाण्याच्या टाकीआड किंवा भिंतीच्या कोपऱ्याआड ठेवावा आणि आजूबाजूचे आकाश पाहावे. काजळी धरलेली काच, एक्स-रेची जुनी फिल्म, रंगीत गॉगल यांवर विसंबू नये. आपल्या भागात पुष्कळ घरांत वेल्डिंगची काळी काच सापडते. तीही साधारणपणे सूर्याकडे पाहण्याइतकी गडद नसते. डोळ्याच्या पडद्याला इजा होते तेव्हा दुखत नाही, आणि म्हणूनच ती कळत नाही. मुलांना हे समजावण्याचे काम आईचे आणि आजीचे.

हे सारे लक्षात कसे ठेवायचे? ज्या हाताने मोजायचे त्याच हाताची पाच बोटे घ्या. अंगठा विचारतो: सूर्य समोर आहे की पाठीशी? तर्जनी विचारते: किती विती? मधले बोट विचारते: तांबडा रंग आतल्या कडेला की बाहेरच्या? अनामिका विचारते: पूर्ण गोल, की तुकडा, आणि तुकडा असेल तर सूर्याच्या बाजूला, वर की खाली? आणि करंगळी, सगळ्यांत धाकटी पण शहाणी, विचारते: काही वास येतो का, घसा धरतो का? या पाच प्रश्नांची उत्तरे मिळाली की नाव सापडलेच म्हणून समजा.

माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण भिशीची वही ठेवतो, हळदीकुंकवाच्या खर्चाची ठेवतो; तशी एक आकाशाची वही ठेवावी. तारीख, वेळ, कोठून पाहिले, किती विती, रंग कसे, एवढेच लिहायचे. शेजारी पुण्यात १९२८ सालापासून हवामान खात्याचे मोठे कार्यालय आहे, पाषाणला १९६२ साली स्थापन झालेली उष्णकटिबंधीय हवामानाची संशोधन संस्था आहे, आणि चिंचवडमध्ये आपले स्वतःचे सायन्स पार्क आहे. पाच-सात वर्षांची नीटनेटकी वही घेऊन आपण गेलो, तर तिथली जाणती माणसे ती आनंदाने पाहतील असा मला विश्वास आहे. खळे कोणत्या महिन्यांत अधिक पडते आणि पडल्यावर कितीदा पाऊस येतो, याचे आपल्या गावापुरते उत्तर आपल्याच वहीतून निघेल. निरोपांवर विसंबण्याचे आपल्याला मग कारण उरणार नाही.

स्वयंपाकघरात आपण डोळ्यांनी, हातांनी, वासाने रोज शंभर गोष्टी पारखतो. चिमूट, मूठ, ओंजळ, वीत ही मापे कितीतरी घरांत बायकांनीच जिवंत ठेवली आहेत. त्यातलेच एक माप आकाशालाही पुरे पडते, एवढे आपल्याला आज पटले असले तरी माझे बोलणे सार्थकी लागले.